कारस्केडन, मेरी

अमेरिकन निद्रासंशोधक. पौगंडावस्थेतली मुले रात्री उशिरापर्यंत जागतात आणि सकाळी हाका मारूनही उठत नाहीत. घरोघरी आळस समजल्या जाणाऱ्या या वागण्यामागे वयात येणाऱ्या शरीराची घडण आहे, हे प्रयोगांनी दाखवण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना जाते. ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राउन विद्यापीठात मानसोपचार व मानवी वर्तन या विभागाच्या त्या प्राध्यापक. तेथील ब्रॅडली रुग्णालयातली निद्रा प्रयोगशाळा त्यांनी नावारूपाला आणली.

गेटिसबर्ग कॉलेजातून पदवी घेतल्यावर त्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निद्रासंशोधक विल्यम डिमेंट यांच्याकडे आल्या. 1976 पासून तिथे त्यांनी मुलांची उन्हाळी निद्रा शिबिरे भरवली. तीच मुले दरवर्षी परत येत. रात्री 10 ते सकाळी 8 अंथरुणात राहायचे आणि डोक्याला लावलेल्या तारांवर मेंदूतील विद्युतलहरी नोंदवून घ्यायच्या, असा क्रम असे. वय वाढते तशी झोपेची गरज घटते, हे तेव्हाचे गृहीत होते. प्रत्यक्षात दहा वर्षांचे मूल असो वा सतरा वर्षांचे, सगळे सुमारे नऊ तास झोपत होते. शिवाय तेवढीच झोप मिळूनही मोठी मुले दिवसा अधिक पेंगत. हे पेंगणे मोजण्यासाठी कारस्केडन आणि डिमेंट यांनी दर दोन तासांनी माणसाला अंधाऱ्या खोलीत निजवून डोळा लागायला किती मिनिटे लागतात ते पाहणारी चाचणी बसवली. अतिनिद्रेच्या निदानासाठी ती आज जगभर वापरतात. 1979 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

ब्राउनमधल्या कामाने मुलांच्या उशिरा जागण्याचे कारण हाती दिले. 1993 च्या अभ्यासात एकाच इयत्तेतल्या, पण शरीराने लवकर वयात आलेल्या मुलींचा कल उशिरा झोपण्याकडे आढळला. पुढे लाळेतील मेलाटोनिन हे रात्रीची चाहूल देणारे संप्रेरक मोजून वयात येताना शरीराचे घड्याळ उशिराकडे सरकते हे स्पष्ट झाले. दिवसभर जागल्याने साठणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश वाढतो, असे 2005 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. म्हणून रात्री दहाला दिवा मालवला तरी पंधरा वर्षांच्या मुलाला झोप येतेच असे नाही.

1998 चा त्यांचा निबंध पालकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. नववीतून दहावीत जाताना ज्यांची शाळा 8:25 ऐवजी 7:20 ला भरू लागली, अशा मुलांना त्यांनी तपासले. सकाळच्या चाचणीत जवळजवळ निम्मी मुले डोळा लागताच स्वप्नांच्या झोपेत शिरली. एरवी हे लक्षण नार्कोलेप्सी या अतिनिद्रेच्या विकाराच्या रुग्णांत दिसते. मुले बाकावर बसलेली होती, त्यांचे मेंदू अजून रात्रीतच होते.

याच वयात गाढ झोपेतल्या मंद लहरी झपाट्याने ओसरतात. अनावश्यक चेतासंधींची छाटणी हे त्याचे कारण असावे, असा तर्क निद्रासंशोधक अर्विन फाइनबर्ग यांनी मांडला. कारस्केडन यांच्या प्रयोगशाळेनेही त्याच मुलांच्या लहरी काही वर्षांच्या अंतराने पुन्हा नोंदवून हा उतार तपासला.

शाळेच्या वेळांविषयीच्या या संशोधनाचा परिणाम धोरणांत उमटला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये माध्यमिक शाळा 8:30 च्या आधी भरवू नयेत अशी शिफारस केली. कॅलिफोर्नियात 2022 पासून उच्च माध्यमिक शाळांसाठी तसा कायदा आहे.

भारतातही हा प्रश्न आहे. बंगळुरूच्या होसूर रस्त्यावरील इलेक्ट्रॉनिक सिटी घ्या. परदेशी वेळा सांभाळणाऱ्या तिथल्या कंपन्यांमुळे कामे रात्री लांबतात, घरे उशिरापर्यंत जागी राहतात आणि वाहतुकीची कोंडी चुकवायला शाळेची बस पहाटे येते. 2023 मध्ये बंगळुरूतील शाळांच्या वेळा बदलण्याची चर्चा झाली, तीही रस्ते मोकळे व्हावेत म्हणून. मुलांच्या झोपेसाठी नव्हे.

महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये शाळा सकाळी 9 च्या आधी न भरवण्याचा आदेश काढला. त्यामागे झोपेचाच विचार होता, आणि तो स्वागतार्हच आहे. मात्र आदेश पूर्वप्राथमिक ते चौथीपुरता आहे. कारस्केडन यांनी ज्या वयाची अडचण सिद्ध केली, ती मुले चौथीच्या पुढची. हा नियम आता बारावीपर्यंत न्यायला हवा.