दहा हजार झिलया आणि एक प्रयोगशाळा

आमच्या टीममधला एक सीनियर मागे नोकरी सोडून गेला आणि त्याचा कोड का चालतो हेच कोणाला कळेना. सगळं त्याच्या डोक्यात! क्योतोच्या कुंभारांबद्दल वाचताना मला तोच आठवत होता.

१८६९ मध्ये जपानचा सम्राट तोक्योला गेला. त्याच्यामागे दरबार गेला, म्हणजे क्योतोचं हक्काचं गिऱ्हाईकच गेलं. पण शहराने हातपाय गाळले नाहीत. १८७० मध्ये तिथे रसायनशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा निघाली. पुढे गॉटफ्रीड वॅगनर हा जर्मन रसायनतज्ज्ञ तिथे काम करायला आला. १८९० मध्ये बिवा सरोवराचं पाणी कालव्याने शहरात आलं. आणि १८९६ मध्ये शहराने खास चिनीमातीसाठी संशोधन संस्था काढली.

तोवर झिलईची कृती म्हणजे घराण्याची ठेव. बाप मुलाला सांगणार, शेजाऱ्याला नाही. आणि 'का' हे बापालाही ठाऊक नसायचं. आता तांब्याचंच बघा. भट्टीत हवा भरपूर असेल तर झिलई हिरवी, हवा कोंडली तर तीच लाल! आता हे नशिबावर न सोडता मोजायचं, लिहून ठेवायचं. म्हणजे आपलं डीबगिंगच की.

१९१४ मध्ये कावाई कान्जिरो इथे लागला, दोन वर्षांनी हामादा शोजी. दोघेही तोक्योच्या तंत्रशाळेत शिकलेले. दोघांनी मिळून झिलयांच्या दहा हजारांच्या आसपास चाचण्या केल्या असं सांगतात. १९१९ मध्ये ही संस्था राष्ट्रीय झाली. पुढच्या वर्षी कावाईने क्योतोतच स्वतःची भट्टी घेतली. १९२० मध्ये हामादा बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडला गेला.

खरी गंमत पुढे आहे. १९२५ च्या सुमारास याच दोघांनी यानागी सोएत्सूबरोबर 'मिंगेई' हा शब्द घडवला. मिंगेई म्हणजे सामान्य, अनाम कारागिरांची रोजच्या वापरातली कला. हामादा तर माशिको गावात जाऊन राहिला आणि स्थानिक माती, दगड, राख यांच्या मोजक्याच झिलया वापरू लागला.

मग दहा हजार चाचण्या फुकट गेल्या का? मला नाही वाटत. काय वगळायचं हे कळायलाही आधी सगळं करून बघावं लागतं. पण प्रयोगशाळेत न गेलेल्या कुंभाराचा हात काय जाणतो, हे मात्र कुठल्या वहीत उतरत नाही. हे त्या दोघांना उमगलं, तेही वह्या भरून झाल्यावर.

असो. सोमवारी ऑफिसात गेल्यावर आधी माझ्या मोड्यूलचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय. निदान वहीत उतरतं तेवढं तरी!