बाईकचा ‘पाच वर्षांचा विमा’ चोरीला चालतो का? लॉक, ट्रॅकर आणि पॉलिसीची संपूर्ण माहिती

“गाडीचा पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे, टेन्शन नाही” असं म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. पण त्याची दोन वर्षं जुनी बाईक आज चोरीला गेली, तर बहुतेक वेळा त्याला एक रुपयाही मिळणार नाही. असं का होतं आणि त्यावर उपाय काय, हे आज आपण समजून घेऊया.

उदाहरणासाठी आपण सिंधुदुर्गातलं आरोंदा गाव घेऊ. सावंतवाडी तालुक्यातलं हे गाव तेरेखोल नदीच्या काठावर, अगदी महाराष्ट्राच्या टोकाला आहे. पूल ओलांडला की समोर किरणपाणी, म्हणजे गोव्याचा पेडणे तालुका. या भागातली बरीच मुलं कामासाठी बाईकने गोव्यात जातात. एमएच ०७ नंबरची गाडी दिवसभर म्हापशात किंवा मोपा विमानतळाच्या बाजूला उभी असते आणि रात्री घरी येते. गाडी चोरीला गेली तर चोराला राज्य बदलायला काही मिनिटं पुरतात. म्हणून इथल्या बाईकवाल्याला तीन गोष्टी नीट माहीत हव्यात: लॉक, ट्रॅकर आणि विमा.

१. लॉक: चोराचा वेळ खाणारी वस्तू

कुठलंही लॉक तुटू शकतं. त्याचं काम चोराला उशीर लावणं आणि आवाज करायला भाग पाडणं एवढंच आहे.

- हँडल लॉक: गाडीसोबतच येतं, पण जोर लावला तर तुटतं. एकट्या त्याच्यावर विसंबू नका.
- डिस्क लॉक: पुढच्या डिस्कच्या भोकात बसतं, त्यामुळे चाक फिरत नाही. अलार्मवालं घेतलं तर गाडी हलवताच ते ओरडतं. काढायला विसरून गाडी पुढे नेलीत तर तुम्हीच पडाल, म्हणून आठवणीची रंगीत वायर हँडलला लावा.
- साखळी आणि कुलूप: डिस्क लॉक लावलं तरी दोघं जण गाडी उचलून टेम्पोत टाकू शकतात. साखळी खांबाला किंवा ग्रिलला बांधलेली असेल तर ते जमत नाही. साखळी फ्रेममधून किंवा मागच्या चाकातून घ्या आणि जमिनीवर लोळू देऊ नका. जमिनीवर टेकलेली साखळी तोडणं सोपं जातं.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत लॉक लवकर गंजतं, म्हणून महिन्यातून एकदा मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा. जत्रेला रात्रभर दशावतार बघत बसणार असाल आणि गाडी दूर शेतात लावली असेल, तर दोन-तीन मित्रांच्या गाड्या एकाच साखळीत बांधा.

२. ट्रॅकर: जीपीएस की ब्लूटूथ टॅग?

जीपीएस ट्रॅकर उपग्रहांच्या सिग्नलवरून स्वतःची जागा काढतो आणि आतल्या सिमकार्डच्या डेटावरून ती तुमच्या मोबाईलवर पाठवतो. म्हणजे त्याला वर मोकळं आकाश आणि आजूबाजूला नेटवर्क, दोन्ही लागतं. रिचार्ज संपला की तो मुका होतो.

तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, हेही लक्षात ठेवा. समजा तो सरासरी १० मिलीअँपिअर करंट घेतो. दिवसाला ०.२४ अँपिअर-तास झाले. बॅटरी ४ अँपिअर-तासांची असेल तर साधारण १६ दिवसांत ती रिकामी होईल, सेल्फ तर त्याआधीच बंद पडेल. गणपतीत गावी येऊन गाडी थेट शिमग्यापर्यंत पडवीत ठेवणाऱ्या चाकरमान्यांनी हे गणित आधी करावं.

ब्लूटूथ टॅग स्वस्त असतो, त्याला सिम लागत नाही. पण त्याला स्वतःची जागा कळत नाही. जवळून जाणाऱ्या दुसऱ्यांच्या मोबाईलने त्याला ओळखलं तरच तुम्हाला लोकेशन मिळतं. म्हापशाच्या बाजारात तो छान चालेल, पण माडांच्या बागेत जिथे तासभर कोणी फिरकत नाही तिथे गप्प राहील. शिवाय अनोळखी टॅग सोबत फिरतोय अशी सूचना चोराच्या फोनवरही येऊ शकते.

लोकेशन मिळालं तरी एकटे गाडी आणायला जाऊ नका. स्क्रीनशॉट काढा आणि पोलिसांना द्या.

३. विमा: खरी गडबड इथे आहे

दुचाकीच्या विम्याचे मुख्य दोन भाग असतात.

- थर्ड पार्टी: तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हा सक्तीचा आहे. तुमची गाडी चोरीला गेली तर यातून काहीच मिळत नाही.
- ओन डॅमेज: तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. चोरी यातच येते. हा भाग सक्तीचा नाही.

१ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. पण सोबतचा ओन डॅमेज बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी तो रिन्यू केला नाही, तर पोलिसांना दाखवायला कागद आहे, पण चोरीचं संरक्षण संपलेलं आहे. ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स’ म्हणतात तो हाच.

आत्ताच तपासा: पॉलिसीची पीडीएफ उघडा. त्यात ओन डॅमेज आणि थर्ड पार्टीच्या तारखा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. एम-परिवहन ॲपवर दिसणाऱ्या एका तारखेवरून निष्कर्ष काढू नका. ओन डॅमेज संपला असेल तर नुसता तेवढाच भाग वेगळा घेता येतो; ही सोय सप्टेंबर २०१९ पासून आहे. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो.

किती पैसे मिळतात? पॉलिसीवर ‘आयडीव्ही’ लिहिलेली असते, तेवढे. समजा गाडीची किंमत ९०,००० रुपये आहे आणि ती दोन वर्षांहून जुनी, पण तीनपेक्षा कमी आहे. नेहमीच्या कोष्टकाप्रमाणे ३० टक्के घट धरली तर आयडीव्ही ६३,००० रुपये येते. प्रीमियम कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणू नका. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेचे पैसे वळते होतात. आणि गाडी जागेवर असून फक्त ॲक्सेसरी चोरल्या, तर साध्या दुचाकी पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत.

४. गाडी गेलीच तर काय करायचं?

१. लगेच ११२ वर फोन करा आणि एफआयआर नोंदवा. चोरी गोव्यात झाली असली तरी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही पोलीस ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.
२. त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा आणि क्लेम नंबर लिहून ठेवा. एफआयआर वेळेत झाला असेल, तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० च्या निकालात म्हटलं आहे. तरी उशीर करू नकाच.
३. आरटीओला लेखी कळवा. एमएच ०७ साठी हे कार्यालय ओरोसला आहे.
४. दोन्ही चाव्या जपून ठेवा, कंपनी त्या मागते. चावी गाडीलाच ठेवली होती असं निघालं तर क्लेम अडू शकतो किंवा रक्कम कापली जाऊ शकते.
५. गाडी सापडली नाही तर पोलीस तपास बंद करताना न्यायालयात अहवाल देतात. गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, याला महाराष्ट्रात ‘अ समरी’ म्हणतात. क्लेमसाठी हा कागद मागतात, म्हणून त्याचा पाठपुरावा करत राहा.

५. जुनी गाडी घेताय?

गोवा पासिंगची गाडी स्वस्तात मिळते म्हणून लगेच हो म्हणू नका. आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. एनसीआरबीच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर गाडी चोरीच्या यादीत आहे का ते बघता येतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी भाग गाडीसोबत आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. जुन्या मालकाच्या नावाची पॉलिसी खिशात असेल आणि गाडी चोरीला गेली, तर हात रिकामेच राहतील.

थोडक्यात सांगायचं तर लॉक वेळ मिळवून देतं, ट्रॅकर दिशा दाखवतो आणि पैसे फक्त चालू असलेला ओन डॅमेज विमाच देतो. आरसी, पॉलिसी, इंजिन आणि चासी नंबर यांचे फोटो आजच मोबाईलमध्ये आणि ईमेलवर ठेवा. आणि हो, त्या टेन्शन न घेणाऱ्या मित्राला पॉलिसीवरची तारीख तेवढी बघायला सांगा.