लठ्ठपणा, व्यायाम आणि पुरुषाची प्रजननक्षमता

लठ्ठपणाने घटलेली पुरुषाची प्रजननक्षमता वजन उतरल्यास काही अंशी परत येऊ शकते. आहारासोबत व्यायाम हा वजन उतरवण्याचा एक आधार. चरबीतील अ‍ॅरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. त्यामुळे पीयूषिका ग्रंथीकडून वृषणांना मिळणारी चेतना मंदावते. वृषणांना शरीरापेक्षा 2 ते 4 अंश से. कमी तापमान लागते. मांड्या-ओटीपोटाच्या चरबीने तेही वाढते.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेत जनुकीय कारणाने लठ्ठ आणि स्निग्ध आहाराने लठ्ठ झालेल्या उंदरांची तुलना झाली. दोन्हींत शुक्राणुनिर्मिती बिघडली, पण बिघाडाचे स्वरूप निराळे होते. म्हणजे लठ्ठपणा कशामुळे आला, हेही महत्त्वाचे.

डेन्मार्कमधील 2022 च्या अभ्यासात लठ्ठ पुरुषांनी 8 आठवडे अल्प उष्मांकाचा आहार घेतला. सरासरी 16.5 किलो वजन उतरले, शुक्राणूंची घनता सुमारे दीडपट झाली. पुढे वर्षभर व्यायाम, औषध किंवा दोन्ही दिले. वजन पुन्हा वाढू न देणाऱ्यांतच सुधारणा टिकली.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, म्हणून वीर्यतपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करतात. महिन्याभरात निराश होऊन व्यायाम सोडणे हे फार मोठे नुकसान. आठवड्याला किमान 150 मिनिटे, दम लागेल पण बोलता येईल इतपत वेगाने चालावे.  पिळदार शरीरासाठी व्यायामशाळेत घेतली जाणारी स्टिरॉइडची इंजेक्शने मात्र शुक्राणुनिर्मिती पार थांबवू शकतात.