वर्गातला ‘बंगाली कॅम्प’

निर्वासित म्हटलं की आपल्याला आधी उल्हासनगर आठवतं, कल्याणच्या लष्करी छावणीत आलेले सिंधी आठवतात. पण चंद्रपुरात रिक्षावाल्याला नुसतं ‘बंगाली कॅम्प’ म्हणा, तो पुढचा पत्ता विचारत नाही. त्या नावात ‘कॅम्प’ कुठून आला, हा प्रश्न मात्र इतिहासाच्या तासाला क्वचितच येतो.

पूर्व बंगालमधले लोक १९४७ मध्ये एकदाच आले नाहीत, येतच राहिले. जानेवारी १९६४ मध्ये खुलना, ढाका, नारायणगंज इथं दंगली झाल्या आणि मोठी लाट आली. त्यांत नमशूद्र पुष्कळ; शेती करणारे, मासे धरणारे. पश्चिम बंगालमध्ये आता जागा नाही, असं म्हणून त्यांना रायपूरजवळच्या माना कॅम्पात आणलं आणि तिथून पुढे जंगलमुलखात. दंडकारण्य प्रकल्प १९५८चा, मुख्यतः बस्तर आणि कोरापुटचा. पण आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातही वसाहती झाल्या. मुलचेरा-चामोर्शीकडे सुंदरनगर, विवेकानंदपूर, सुभाषग्राम अशी गावं लागतात, ती याच इतिहासातली. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोवर तिथं एक पिढी वाढली होती.

आता हे शिकवायचं कसं? नेहमीचा उपक्रम ठरलेला: ‘समजा तुम्ही निर्वासित आहात, गाठोड्यात कोणत्या पाच वस्तू बांधाल?’ पुण्या-मुंबईत चालून जातो. चामोर्शीकडे अडचण अशी, की ज्याच्या पणजोबांनी खरंच गाठोडं बांधलं तो तिसऱ्या बाकावर बसलाय. त्यानं काय ‘समजायचं’? आणि शेजारच्या गोंड किंवा माडिया मुलीच्या घरचा प्रश्न वेगळा असू शकतो: वसाहतीसाठी जे जंगल तोडलं, ते कुणाचं होतं? आमच्या मोह-तेंदूचं काय? दोन्ही खरंच आहे. एकाचंच दुःख फळ्यावर आलं तर दुसरा गप्प बसतो, आणि ते गप्प बसणं आम्हाला जास्त धोक्याचं वाटतं.

म्हणून आम्ही सुचवतो ते साधं आहे. अख्ख्या वर्गानं मिळून परिसराचा एकच मोठा नकाशा काढावा. बोडी, तलाव, मोहाची झाडं, देवाची जागा, सगळं गोंडी नावांसकट. त्याच कागदावर वसाहत, तिच्या नावाची गोष्ट, दुर्गापूजेचा मांडव. तलावातल्या माशांची नावं बंगाली, गोंडी आणि झाडीबोलीत शेजारीशेजारी लिहावीत (यात मुलं जाम रमतात बरं का). मग घरी आजीला विचारावं: इथला पहिला पावसाळा कसा गेला? आधी मदतीला कोण आलं? भांडण कशावरून झालं? भांडणाचा प्रश्न गाळू नये. आजी नको म्हणाली तर मात्र वही मिटावी.

नववी-दहावीला कायद्याचे कागदही वाचता येतात. नमशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत, महाराष्ट्राच्या यादीत नाहीत. २००६चा वनहक्क कायदा आदिवासी नसलेल्यांकडून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास मागतो. १९६४ला आलेल्या घराचं गणित मुलांनी फळ्यावर मांडावं. उत्तर ४१ येतं. मग त्याच तासाला त्या शेजारच्या मुलीला विचारावं, तिच्या घरच्या दाव्याचं पुढे काय झालं.