ओतणं आणि उमाळा

आज बोलायचंय ते एका साध्या क्रियापदावर. ओतणे.

आपण पाणी ओततो, कामात जीव ओततो. पण 'मी रडू ओतलं' असं पनवेलमध्ये काय, कुठेच कुणी म्हणणार नाही. रडू येतं. गहिवर दाटतो. उमाळा येतो. उमाळा म्हणजे जमिनीतून उसळून वर येणारं पाणी. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ उपसला की तळाशी उमाळे फुटतात, ते कुणी ओतलेले नसतात. ओतायला हात लागतो, आणि समोर भांडं लागतं. हा फरक मला मोठा वाटतो.

ओताऱ्याला विचारा. धातू वितळला म्हणजे काम झालं असं नाही. साचा तयार नसेल तर सगळं मातीत. १८६९ साली मुंबईत सुरू झालेल्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरं आपण वाखाणतो, तेही ओतलेले खिळेच.

एक गंमत सांगतो. 'भावनेनं ओतप्रोत' म्हणताना आपल्याला वाटतं, काठोकाठ ओतलेलं. तसं नाहीये! ओत आणि प्रोत हे संस्कृत शब्द विणकामातले, उभे-आडवे धागे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर मग पाणी कशात? तिथं पाणी आहे खरं, पण विणलेलं.

आता साने गुरुजी. त्यांना 'रडके' म्हणून बाजूला सारायची आपल्याकडे फॅशन आहे. म्हणजे नुसता उमाळा, बाकी काही नाही. पण तारखा बघा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. विनोबा आपल्या शेजारचेच, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा अध्याय, अठरा प्रवचनं. ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. बोलणाऱ्याच्या वेगानं, कागदावर, हातानं. चार महिने हा माणूस दुसऱ्याच्या शब्दांसाठी भांडं झाला होता. आपली ही व्याख्यानं उतरवणाऱ्यांना विचारा, ते सोपं असतं का!

आणि वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई'चा बराचसा भाग पाच दिवसांत लिहून काढला. पाच दिवस म्हटलं की उमाळाच वाटतो, आणि तो होताच. पण पुस्तकाची बांधणी पाहा. एकेक प्रकरण म्हणजे एकेक रात्र. आश्रमातले मित्र ऐकायला बसलेत, श्याम सांगतोय, रात्र संपली की गोष्ट थांबते. किती सांगायचं, कुठं थांबायचं, हे त्या रात्री ठरवतात. धुळ्याचे रविवारही तसेच ठरलेले होते. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला, असा माझा दावा नाही. पण नाशिकला धातू तापला तेव्हा साचा हाताशी होता, एवढं मी नक्की म्हणेन.