पट आणि चाकोरी

'शंकरपट' म्हटले की डोळ्यांपुढे बैल येतात, छकडी येते, कासरा आवळून बसलेला धुरकरी येतो. शब्दाच्या उत्तरार्धाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पट म्हणजे वस्त्र, पट म्हणजे सोंगट्यांचा वा बुद्धिबळाचा, पट म्हणजे चित्रासाठी ताणलेला फलक. या सर्व अर्थांना समान असलेली गोष्ट म्हणजे कड. हा व्युत्पत्तीचा दावा नव्हे. पण शर्यतीचा इतिहास बैलांऐवजी जमिनीच्या बाजूने वाचावा, असे या शब्दामुळे आम्हांला वाटले.

अमरावती-अकोल्याची जमीन काळी. पावसात ती चाकाला धरून ठेवते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि भेगेत अडकलेला खूर म्हणजे मोडलेला पाय. म्हणून पिके निघाल्यावर, भेगा रुंदावण्याआधी, हिवाळ्याच्या दिवसांत पट भरतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट यांपैकी सर्वांत ख्यातनाम. तिथे महिलाही धुरकरी म्हणून उतरल्या आहेत. बंडी ओझ्यासाठी, दमणी आणि रेंगी प्रवासासाठी. या नित्याच्या वाहनांतून शर्यतीची हलकी छकडी वेगळी निघाली, तशीच नित्याच्या शेतातून धावपट्टी वेगळी काढावी लागली.

ही पट्टी सरळ का? उत्तर यंत्रयुगातून घेऊ. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून पहिली गो-कार्ट तयार केली. तिच्या मार्गाची सारी गंमत वळणांत असते. परंतु वळण आखणाऱ्याला एक हिशेब चुकवता येत नाही. वेग दुप्पट झाला, तर तेवढ्याच पकडीवर वळणाची त्रिज्या चौपट लागते, आणि थांबायला अंतरही चौपट लागते. म्हणून वळणाबाहेर मोकळी जागा सोडतात, कडेला टायरांची रास लावतात. छकडीला तर ब्रेकच नाही. दोन जीव, एक जू आणि कासरा. वळणावर आतला आणि बाहेरचा बैल सारख्या वेगाने धावूच शकत नाहीत. तेव्हा सरळ रेषा हा कल्पनेचा अभाव नसून अनुभवाचा निष्कर्ष आहे. शेवटच्या रेषेपुढची मोकळी जमीनही पटाचाच भाग आहे. ती अपुरी पडली, तर जिंकणारी जोडीच गर्दीत शिरते.

अन्यत्र याच प्रश्नाला निराळी उत्तरे मिळाली. पुणे जिल्ह्यात खेड-जुन्नरकडे धावमार्गाला 'घाट' म्हणतात. तिथे चढच बैलांचा वेग खातो. सातारा-सांगलीकडे प्रत्येक छकड्याला स्वतंत्र 'चाकोरी' असते. साहित्यसमीक्षेत आपण 'चाकोरीबद्ध' हा शब्द हिणवण्यासाठी वापरतो. शर्यतीच्या मैदानात मात्र चाकोरी सोडणे म्हणजे शेजारच्या जोडीच्या अंगावर जाणे!

गेल्या काही वर्षांतील वादात ही जमीन हरवली होती. २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलांच्या प्रदर्शनावर बंदी आणली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती अवैध ठरवल्या. एका बाजूला 'परंपरा', दुसऱ्या बाजूला 'क्रौर्य', असे दोनच शब्द घुमत राहिले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा दुरुस्त करून नियम केले, तेव्हा उत्तराचा काही भाग भूमीच्याच भाषेत आला: धावमार्ग १००० मीटरपेक्षा लांब नको, खडकाळ, चिखलाची, दलदलीची जागा नको. काठी, चाबूक, विजेचा धक्का यांनाही मनाई झाली. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. एरवी जे शहाणपण जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेत असे, ते आता कलमांत उतरले. ही आम्हांला लहान गोष्ट वाटत नाही.

तरीही एका ठिकाणी आमची तुलना अडखळते, आणि ती अडखळावी हेच योग्य. गो-कार्टमध्ये बसणारा धोका स्वतः पत्करतो; 'सुरक्षित' आणि 'आनंददायी' हे दोन्ही शब्द त्याचेच असतात. पटावर आनंद प्रेक्षकांचा, इर्षा मालकाची आणि धाव बैलाची. उत्तम आखणी बैलाची इजा टाळू शकेल, त्याची संमती मिळवू शकणार नाही. पूर्वी हा प्रश्न थोडा झाकला जाई, कारण पटावरचा बैल उरलेले वर्ष त्याच घरच्या शेतात राबे आणि पोळ्याला पुजला जाई. ट्रॅक्टरने ते नाते सैल केले. शर्यतीपुरताच सांभाळलेला बैल हा नव्या काळाचा बैल आहे.

म्हणून पटाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी परंपरेचा दाखला देऊन थांबू नये. जमीन किती सपाट केली, शेवटी किती मोकळी सोडली, गर्दी किती दूर ठेवली, हे आधी सांगावे. बैल बोलू शकत नाही. त्याच्या वतीने निदान पटाच्या कडा तरी नेमक्या आखलेल्या असाव्यात.