अंडे घट्ट होते म्हणजे काय होते?

मेण तापवले की पातळ होते, गार झाले की पुन्हा घट्ट. तुपाचेही तेच. अंडे मात्र उलटे वागते. तापवले की घट्ट होते आणि गार केले तरी घट्टच राहते. असे का, हे वर्गात विचारले तर हमखास एक उत्तर येते: "आतले पाणी आटते." मग आपण उकडण्याआधी आणि नंतर अंड्याचे वजन करून पाहावे. फरक जवळजवळ पडत नाही. पाणी कवचाच्या आतच असते.

पांढऱ्या बलकात सुमारे ८८ टक्के पाणी असते आणि उरलेल्यात बहुतांश प्रथिने. 'प्रोटीन' हा शब्द डच रसायनशास्त्रज्ञ मुल्डर यांनी १८३८ मध्ये प्रथम छापला, तो स्वीडनच्या बर्झेलियस यांच्या सूचनेवरून. मुल्डर यांनी तपासलेल्या पदार्थांत अंड्यातील अल्ब्युमिनही होते. बर्फाला जसा ठरावीक वितळणबिंदू, तसा प्रत्येक प्रथिनाला ठरावीक साकळणबिंदू असतो, अशी पुढे समजूत होती.

ती १९१० च्या सुमारास लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि चार्ल्स मार्टिन यांनी खोडून काढली. त्यांना दिसले की साकळणे ही वेळ घेणारी क्रिया आहे. तापमान थोडे वाढवले तरी तिचा वेग फार वाढतो, म्हणून ठरावीक बिंदूचा भास होतो. दुसरे म्हणजे कोरडे अल्ब्युमिन १०० अंशांच्या वर तापवले तरी ते पुन्हा पाण्यात विरघळते! म्हणजे पाणी आटल्याने अंडे घट्ट होणे दूरच, घट्ट होण्यासाठी पाणी हवेच. तिसरे, या क्रियेचे दोन टप्पे आहेत: आधी प्रथिन बदलते, मग बदललेले कण एकत्र येऊन साका धरतात.

पण बदलते म्हणजे नेमके काय होते? याचे स्पष्ट उत्तर १९३१ मध्ये चीनमधून आले. पेकिंग युनियन मेडिकल कॉलेजमधील श्येन वू यांनी मांडले की मूळ प्रथिनाची साखळी व्यवस्थित घडी घातलेली असते आणि ती घडी दुबळ्या बंधांनी टिकते. उष्णतेने हे बंध सुटतात, घडी मोडते. साखळी मात्र तुटत नाही. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या जाळ्यात पाणी अडकून राहते. १९३६ मध्ये अमेरिकेत मिर्स्की आणि पॉलिंग यांनीही अशीच कल्पना मांडली आणि घडी धरून ठेवण्यात हायड्रोजन बंधांचे महत्त्व सांगितले. वू यांचा लेख चीनमधील नियतकालिकात आला होता. प्रथिनांवरील एका प्रतिष्ठित इंग्रजी ग्रंथमालेने १९९५ मध्ये तो पुन्हा छापला.

साखळी शाबूत असेल, तर घडी पुन्हा पडायला हवी. अमेरिकेतील अॅनफिन्सन यांनी रायबोन्युक्लिएज या विकराची घडी मोडून ती आपोआप परत पडते हे दाखवले. त्या कामासाठी त्यांना १९७२ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. मग उकडलेले अंडे का परतत नाही? तिथे गर्दी फार. स्वतःची घडी सापडण्याआधीच साखळी शेजारणींत अडकते. हा गुंता सोडवला तर? २०१५ मध्ये अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन संशोधकांनी ९० अंशांवर २० मिनिटे शिजवलेला पांढरा बलक युरियात विरघळवला, वेगाने फिरणाऱ्या नळीत घुसळला आणि त्यातील लायसोझाइम पुन्हा कामाचे करून दाखवले. अख्खे अंडे कच्चे झाले नाही. एक प्रथिन परतले.

आता वर्गासाठी एक प्रयोग. एक अंडे उकळत्या पाण्यात १० मिनिटे ठेवा. दुसरे ६५ ते ६७ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा. तापमापी सतत पाण्यात असू द्या. फोडण्यापूर्वी विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगा. दुसऱ्या अंड्यात पिवळा बलक घट्टसर आणि बाहेरचा पांढरा मात्र लिबलिबीत सापडेल. पांढऱ्यातील मुख्य प्रथिन, ओव्हाल्ब्युमिन, साकळायला सुमारे ८० अंश लागतात. उष्णता बाहेरून आत जाते, तरी आतला भाग आधी का घट्ट झाला, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.